स्तनाच्या कर्करोगानंतर हाताची सूज : लक्षणे, मोजमाप आणि सुरक्षित व्यायाम

(पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली येथे भरलेल्या महिला आरोग्य मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्तनाचा कर्करोग कसा ओळखावा आणि त्यावर कोणते उपचार आहेत, हे आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आपणांस आताच समजावून सांगितले. उपचार संपल्यानंतर पुढे काय, हा विषय माझ्याकडे सोपविण्यात आला आहे. मी वैद्य नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून रुग्णालयाचा कारभार आणि हिशेब पाहणे हे माझे काम. त्यामुळे पुढे जे वैद्यकीय स्वरूपाचे बोलेन ते तज्ज्ञांकडून समजून घेतलेले आहे, आणि हिशेबाविषयी जे बोलेन ते माझे स्वतःचे आहे, असे समजावे.

हिशेबनिसाने या विषयावर बोलण्याचे कारणही सांगतो. रुग्ण घरी गेला की त्याचे देयक पूर्ण होते, फाइल बंद होते. स्तनाच्या कर्करोगात मात्र फाइल बंद होते त्याच दिवशी दुसरे एक खाते उघडते. ते खाते त्या भगिनीच्या हाताचे असते. ते कोणी लिहीत नाही, कोणी मागत नाही. दोन-तीन वर्षांनी हात सुजून जड झाला की मग ते सर्वांच्या लक्षात येते. तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो. हे खाते पहिल्या दिवसापासून कसे लिहावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

भारतातील स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग आज पहिल्या क्रमांकावर आहे. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार त्या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार भगिनींना हा आजार नव्याने झाला. आपल्या भागातील रुग्ण उपचारांसाठी मुंबईला टाटा मेमोरियल रुग्णालयात जातात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात जातात, किंवा २०१२ साली सुरू झालेल्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातात. २०१२ सालीच राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. या योजनेमुळे शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन यांचा भार गरीब कुटुंबांवरून पुष्कळ हलका झाला. उपचार पूर्ण करून घरी परतणाऱ्या भगिनींची संख्या वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट. परंतु घरी परतल्यानंतरची वर्षे त्यांनी कोणत्या हाताने काढावयाची, हा प्रश्नही त्याबरोबरच वाढतो आहे.

ही सूज का येते?

आपल्या शरीरात रक्त फिरते, तसाच आणखी एक पातळ द्रव फिरतो. त्याला लसिका म्हणतात. रक्तवाहिन्यांतून थोडा द्रव पेशींभोवती पाझरत असतो. तो द्रव आणि त्यातील प्रथिने गोळा करून पुन्हा रक्तात आणून सोडणे, हे लसिकावाहिन्यांचे काम. वाटेत ठिकठिकाणी लसिका ग्रंथी असतात व त्या गाळणीसारखे काम करतात. हाताची बहुतेक लसिका काखेतील ग्रंथींमधून जाते. स्तनाचा कर्करोग पसरू लागला की तो प्रथम बहुधा याच ग्रंथींत पोहोचतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी त्यातील काही ग्रंथी काढाव्या लागतात, काही वेळा त्या भागावर रेडिएशनही द्यावे लागते.

आपण शेतकरी मंडळी आहात. काळ्या रानात पाणी काढून देणारे चर असतात. त्यातले दोन-चार बुजले तरी उरलेल्या चरांतून पाणी निघून जाते. अधिक चर बुजले, किंवा एखाद्या दिवशी फार मोठा पाऊस झाला, की रान चिबडते. हाताचेही तसेच आहे. ग्रंथी काढल्या म्हणून प्रत्येकीचा हात सुजतोच असे नाही. उरलेल्या वाटांनी लसिका वाहत राहते. त्या वाटांवर क्षमतेबाहेरचा भार पडला की द्रव साचतो. या सुजेला डॉक्टर लिम्फेडिमा म्हणतात. साचलेल्या द्रवात प्रथिने असल्यामुळे तो फार काळ राहिला तर आतील भाग हळूहळू घट्ट होतो, कातडी जाड होते. मऊ सूज उतरविता येते. घट्ट झालेली सूज पूर्ण उतरविणे फार अवघड असते.

हे संकट नवे नाही. अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी काढून टाकणारी मोठी शस्त्रक्रिया रूढ केली. शस्त्रक्रियेनंतर येणाऱ्या हाताच्या सुजेवर १९२१ साली त्यांनीच लिहिले आणि तिला हत्तीपायावरून नाव दिले. पुढे शस्त्रक्रिया लहान होत गेली. १९९० च्या दशकात काखेतील सर्व ग्रंथी काढण्याऐवजी पहिल्या एक-दोन पहारेकरी ग्रंथी काढून तपासण्याची पद्धत आली. २०१३ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा आहे की, स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारानंतर सुमारे पाचांपैकी एकीला ही सूज येते. काखेतील ग्रंथी मोठ्या प्रमाणात काढल्या असतील तर हे प्रमाण शेकडा २० च्या आसपास असते. केवळ पहारेकरी ग्रंथी काढल्या असतील तर ते शेकडा ६ च्या आसपास असते.

हे आकडे मी मुद्दाम सांगितले. पाचांतल्या चौघींना ही सूज येत नाही, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. एकीला येते, म्हणून दुर्लक्ष करण्याचेही कारण नाही.

आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात आणि विदर्भातील अनेक जिल्ह्यांत हत्तीरोगाचे रुग्ण आहेत. त्यामुळे सुजलेला हात पाहिला की, हा हत्तीरोग आहे, तो आपल्याला लागेल, अशी कुजबुज होते. हत्तीरोग डासांमार्फत पसरणाऱ्या जंतांमुळे होतो. आज आपण ज्या सुजेविषयी बोलत आहोत ती ग्रंथी काढल्यामुळे किंवा रेडिएशनमुळे आलेली असते. ती कोणाला लागत नाही. अशा भगिनीच्या हातचे खाण्यात, तिच्या कडेवर मूल देण्यात कसलाही धोका नाही.

लक्षणे कोणती?

ही सूज पहिल्या दिवशी डोळ्यांना दिसत नाही. ती आधी जाणवते. हात जड वाटतो, भरून आल्यासारखा वाटतो, कातडी ताणल्यासारखी वाटते. ब्लाउजची एकच बाही दाटू लागते. रोजची बांगडी किंवा पाटली चढताना अडते, अंगठी निघत नाही. मनगटावरील शिरा आणि बोटांच्या पेरांवरील सुरकुत्या पूर्वीसारख्या दिसत नाहीत. सुरुवातीस संध्याकाळी सूज वाढते आणि रात्री झोपून उठल्यावर कमी होते. म्हणूनच "कामाने आली असेल, जाईल" असे म्हणून ती सोडून दिली जाते. अंगठ्याने थोडा वेळ दाबून धरले तर खळगा पडतो. सूज केवळ हाताला येते असे नाही. छातीच्या त्या बाजूला, काखेच्या मागे किंवा पाठीच्या वरच्या भागातही येऊ शकते.

ती बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत येते, परंतु अनेक वर्षांनंतरही येऊ शकते. म्हणून "आता पाच वर्षे झाली, काही होत नाही" असे समजू नये.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत काखेतून कोपराकडे आत दोरी ताणल्यासारखे वाटते आणि हात वर जात नाही, असेही काहींच्या बाबतीत होते. ही सूज नव्हे. योग्य ताणाच्या व्यायामांनी ती दोरी बहुधा सैल होते. त्यासाठी हात बांधून ठेवू नये, फिजिओथेरपिस्टना दाखवावे.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र उद्याची वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हात लाल झाला, गरम लागला, दुखू लागला, थंडी वाजून ताप आला, तर तो जंतुसंसर्ग असतो. साचलेल्या द्रवात जंतू झपाट्याने वाढतात आणि संसर्ग रक्तात गेला तर जिवाला धोका होतो. हात एकाएकी सुजला, दुखू लागला, निळसर झाला, तर रक्तवाहिनीत गुठळी झाली असण्याची शक्यता असते. तसेच बरीच वर्षे ठीक असलेला हात अचानक सुजला, तर मूळ आजार परत आला नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घेणे आवश्यक असते.

हाताची खतावणी

आता माझ्या हिशेबाच्या विषयाकडे वळतो. कोणत्याही खतावणीत पहिली ओळ आरंभीच्या शिलकेची असते. ती ठाऊक नसेल तर वर्षाअखेरीस नफा झाला की तोटा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. हाताची आरंभीची शिल्लक म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वी घेतलेले दोन्ही हातांचे माप.

एक उदाहरण देतो. एखादी भगिनी उजव्या हाताने काम करणारी आहे. तिचा उजवा दंड २७ सेंटिमीटर आणि डावा २६ सेंटिमीटर भरला. शस्त्रक्रिया डाव्या बाजूला झाली. वर्षभराने माप घेतले तेव्हा उजवा २७ आणि डावा साडेसत्तावीस निघाला. ज्याच्याकडे पहिले माप नाही तो म्हणेल, अर्ध्या सेंटिमीटरचा तर फरक आहे, काळजीचे कारण नाही. ज्याच्याकडे पहिले माप आहे त्याला दिसेल की डावा हात दीड सेंटिमीटरने वाढला आहे. आता समजा, उजवा २८ आणि डावा २७ निघाला. डावा हात वाढला खरा, पण उजवाही तेवढाच वाढला आहे. म्हणजे हे वजन वाढल्याचे लक्षण आहे, सुजेचे नव्हे. म्हणून एका हाताचे माप घेऊन भागत नाही. माप दोन्ही हातांचे घ्यावे आणि पहिले माप शस्त्रक्रियेपूर्वी घ्यावे.

यासाठी यंत्र लागत नाही, शिंप्याकडे असते तशी फीत पुरते. मनगटाच्या हाडापासून वर १०, २०, ३० आणि ४० सेंटिमीटरवर पेनाने खुणा कराव्यात. मनगटावर आणि प्रत्येक खुणेवर फीत सैलही नाही, आवळूनही नाही अशी धरून आकडा लिहावा. प्रत्येक वेळी दिवसाची वेळ तीच असावी, सकाळी तर सकाळी. वहीत तारीख, उजवा, डावा आणि वजन असे चार रकाने आखावेत. पहिली दोन-तीन वर्षे दर तीन महिन्यांनी, पुढे दर सहा महिन्यांनी माप घ्यावे. एखाद्या खुणेवर दोन सेंटिमीटरचा फरक पडला तर सूज आली असे सामान्यतः धरतात. परंतु दोन सेंटिमीटर होईपर्यंत थांबू नये. फरक वाढत चालला आहे असे दोन मापांत दिसले, किंवा हात जड वाटू लागला, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. त्या वेळी सूज मऊ असते आणि उपचार थोडा व स्वस्त असतो.

व्यायाम : भीती आणि वस्तुस्थिती

"आता हात जपा, वजन उचलू नका", हा सल्ला पुष्कळ वर्षे जगभर दिला जात असे. त्यामागे हेतू चांगलाच होता. परंतु ज्या घरात पाणी भरणे, भाकरी थापणे, कापूस वेचणे, सोयाबीनची काढणी करणे आणि हळद लावणे हे सारे स्त्रीच्या हातावर चालते, त्या घरात असा सल्ला पाळणे अशक्य असते. मग दोनच गोष्टी होतात. काही भगिनी सल्ला सोडून पहिल्याच दिवशी पूर्ण भार उचलतात. काही भगिनी भीतीने हात छातीशी धरून बसतात. त्यांचा खांदा आखडतो, दंडाचे स्नायू झिजतात, मजुरी जाते आणि घरातील त्यांचे स्थानही हळूहळू बदलते. दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत.

या सल्ल्याची परीक्षा अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉ. कॅथरिन श्मिट्झ यांनी घेतली. ज्यांचा हात आधीच सुजलेला होता अशा १४१ महिलांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला आठवड्यातून दोनदा, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, हळूहळू वाढत जाणारे वजन उचलावयास दिले. दुसऱ्या गटाला तसे दिले नाही. वर्षभराने पाहता दोन्ही गटांत हाताची सूज वाढलेल्या महिलांचे प्रमाण जवळपास सारखेच होते. शिवाय सूज एकाएकी बळावण्याचे प्रकार व्यायाम करणाऱ्यांत शेकडा १४ आणि न करणाऱ्यांत शेकडा २९ आढळले. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढील वर्षी, ज्यांना सूज आलेली नव्हती अशा महिलांवरील अभ्यासातही वजनाच्या व्यायामामुळे सुजेचा धोका वाढलेला दिसला नाही.

याचा अर्थ कोणीही उद्यापासून भरलेला हंडा उचलावा असा नाही. त्या महिलांनी अगदी हलक्या वजनापासून सुरुवात केली होती, त्यांच्यावर देखरेख होती, आणि ज्यांना सूज होती त्या व्यायामाच्या वेळी दाब देणारी बाही घालत होत्या. स्नायू आकुंचन पावले की लसिका पुढे ढकलली जाते, म्हणून हालचाल ही हाताची मित्र आहे. एकदम पडलेला मोठा भार त्रास देतो. पायरीपायरीने वाढविलेला भार हाताला बळ देतो.

या पायऱ्या सर्वसाधारणपणे अशा असतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत मूठ उघडणे-मिटणे, मनगट फिरविणे, कोपर वाकविणे व सरळ करणे एवढेच करावे. नळी निघेपर्यंत आणि शल्यविशारद सांगेपर्यंत हात खांद्याच्या वर नेऊ नये. त्यांची परवानगी मिळाल्यावर भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढत जावे आणि दररोज थोडी वरची खूण गाठावी. दोन्ही हातांत काठी धरून ती डोक्यावर नेणे, खांदे मागे फिरविणे हेही करावे. प्रत्येक व्यायामाच्या आरंभी आणि शेवटी पोट फुगेल असे चार-पाच खोल श्वास घ्यावेत, त्याने लसिकेच्या प्रवाहास मदत होते. रेडिएशन चालू असताना खांद्याचे व्यायाम बंद करू नयेत, अन्यथा तो आखडतो.

जखम पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांनी संमती दिल्यावर वजनाचा व्यायाम सुरू करावा. त्यासाठी व्यायामशाळा लागत नाही. अर्ध्या लिटरची बाटली पाण्याने भरली की अर्धा किलो झाले, एक लिटरची भरली की एक किलो झाले. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती ठेवून, प्रत्येक हालचाल दहा वेळा करावी. दोन-तीन आठवडे त्याच वजनावर काढावेत आणि मगच थोडे वाढवावे. आजारपण, लग्नकार्य किंवा वारी यामुळे मध्ये खंड पडला तर सोडले त्या वजनावर न येता एक-दोन पायऱ्या खाली येऊन पुन्हा सुरुवात करावी.

व्यायाम जास्त झाला की नाही, हे दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगते. थोडे अंग दुखणे हे कष्ट केल्याचे लक्षण आहे, ते एक-दोन दिवसांत जाते. परंतु हात जड राहिला, घट्ट वाटला, बांगडी अडू लागली, तर भार कमी करावा आणि हाताचे माप घ्यावे. आठवडाभरात ते पूर्ववत झाले नाही तर दाखवावे.

हाच नियम घरकामाला आणि शेतकामाला लावावा. भरलेली बादली एकदा नेण्यापेक्षा अर्धी बादली दोनदा न्यावी. खुरपणी आणि वेचणी करताना अर्ध्या-पाऊण तासाने हात वर करून बोटे उघडमीट करावीत. कापसाची झोळी किंवा पिशवी त्या खांद्यावर न अडकविता दुसऱ्या खांद्यावर घ्यावी, किंवा कमरेला ओटी बांधावी. फवारणीचा पंप पाठीवर घेऊ नये, त्याचा पट्टा नेमका त्याच ठिकाणी रुततो. उन्हाळ्यात कष्टाचे काम सकाळी लवकर आटोपावे, कारण उष्णतेने सूज वाढते. आणि वजन आटोक्यात ठेवावे, कारण स्थूलता हे या सुजेचे एक मोठे कारण आहे.

कातडीची काळजी आणि काही गैरसमज

कातडी हे हाताचे कुंपण आहे. कापसाच्या बोंडाचा ओरखडा, खुरप्याची जखम, चुलीचा चटका, पायलीभर भाजी निवडताना लागलेला काटा, यांतून जंतू आत जातात. शेतात पूर्ण बाहीचा सदरा आणि जमल्यास हातमोजे घालावेत. जखम झाली तर साबण-पाण्याने धुऊन, कोरडी करून जंतुनाशक मलम लावावे. रोज आंघोळीनंतर हात पुसून साधे तेल किंवा मलम हलक्या हाताने लावावे.

सुजलेला हात जोराने रगडून मालिश करणे, गरम विटेने शेकणे, डाग देणे, जळवा लावणे, दंडाला घट्ट दोरा किंवा गंडा बांधणे, हे सर्व प्रकार हानिकारक आहेत. बाजारातील ताणाची पट्टी घट्ट गुंडाळल्यानेही सूज वरखाली सरकते, उतरत नाही. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनी पाणी जाते, परंतु साचलेली प्रथिने तेथेच राहतात, म्हणून त्या या सुजेचा उपचार नव्हेत.

त्या हातावर सुई टोचली किंवा रक्तदाब मोजला तर सूज येतेच, अशी भीती अनेकींच्या मनात असते. २०१६ साली बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने ६३२ महिलांच्या हातांची मापे अनेक वर्षे घेऊन प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो जास्त वजनाशी, काखेतील ग्रंथी मोठ्या प्रमाणात काढण्याशी आणि जंतुसंसर्गाशी. शक्य असेल तेव्हा दुसरा हात पुढे करावा. तातडीच्या प्रसंगी मात्र या भीतीने उपचार अडवून धरू नयेत.

सूज आलीच तर तिच्यावर उपचार आहेत. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून विशिष्ट दिशेने हलका मसाज, अनेक थरांचे बँडेज, व्यायाम आणि कातडीची निगा, आणि सूज उतरल्यावर मापाची दाब देणारी बाही, अशी ही पद्धत आहे. बाही दिवसा घालावयाची असते. ती वापरून सैल होते, म्हणून साधारण सहा महिन्यांनी बदलावी लागते. काही निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेचाही उपयोग होतो.

सर्वांत मोठी बचत

व्यवहारात सर्वांत मोठी बचत आरंभी होते. गाठ लहान असताना आजार सापडला तर काखेतील ग्रंथी कमी काढाव्या लागतात आणि सुजेचा धोका मुळातच कमी होतो. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील १,५१,५३८ महिलांवर वीस वर्षे चालविलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यात प्रशिक्षित महिला आरोग्यसेविकांनी केवळ हाताने स्तनतपासणी केली, कोणतेही यंत्र वापरले नाही. तपासणी झालेल्या गटात आजार पुढच्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण शेकडा ३७ होते, तर तपासणी न झालेल्या गटात ते शेकडा ४७ होते. पन्नाशीच्या पुढील महिलांत मृत्यूंचे प्रमाणही जवळपास शेकडा ३० ने कमी आढळले. आपल्या गावातील आशाताई तीस वर्षांवरील भगिनींना तपासणीसाठी बोलावतात, तेव्हा नकार देऊ नये, एवढी विनंती आहे.

शेवटी तिघांना तीन गोष्टी सांगतो. विश्वस्त मंडळापुढे माझी सूचना आहे की, स्तनात गाठ असलेली भगिनी आपल्या बाह्यरुग्ण विभागात आली की तिला मोठ्या रुग्णालयात पाठविण्यापूर्वीच दोन्ही हातांची मापे घेऊन ती केसपेपरवर लिहावीत आणि एक प्रत तिच्या हाती द्यावी. यासाठी एक फीत, छापील अर्धे पान आणि परिचारिकेची दहा मिनिटे लागतात. पुढे सुजेच्या उपचारासाठी जाणारे प्रवासभाडे, बरोबर येणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि बाहीची किंमत यांच्यापुढे हा खर्च नगण्य आहे.

कुटुंबीयांना सांगतो की, उपचार होऊन आलेल्या आपल्या माउलीला, पत्नीला, सुनेला निकामी समजून बाजूला बसवू नका आणि पहिल्याच आठवड्यात हंडाही देऊ नका. तिच्या व्यायामाची वीस मिनिटे मात्र घरातील इतर कामांसारखीच ठरलेली ठेवा. भगिनींना सांगतो की, कर्करोगातून वाचले, आता हाताचे काय घेऊन बसू, असे म्हणू नका. जीव वाचला तो या हातांनी पुढे जगण्यासाठी. वही घाला, माप लिहा, आणि बांगडी अडू लागली की ती वही घेऊन आमच्याकडे या. त्या दिवशी आपणांस रांगेत उभे राहावे लागणार नाही, ही व्यवस्था पाहणे प्रशासक या नात्याने माझे काम आहे.